वाचकांचे प्रश्न : बाटलीवरचे साल आणि घरच्या वायनरीची लाल वाइन

एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या छोट्या वायनरीबद्दल, तिथल्या लाल वाइनबद्दल प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात सुचवले होते. इंदूर, महू, देवास, रतलाम इकडून पत्रे आली. बरेच प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात : मळा तोच, माणसे तीच, मग वाइन दरसाल वेगळी का? म्हणून तो प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न : नाशिकजवळ आमच्या मावसभावाची वायनरी आहे. शिराझ या काळ्या वाइन-द्राक्षाच्या हजारभर बाटल्या निघतात, बस्स. त्याची २०२२ ची वाइन गडद आणि दाट होती. २०२३ ची रंगाने फिकी, जिभेला आंबटसर. लेबल तेच. काही मिसळले तर नसेल ना, हे विचारायला संकोच वाटतो. शिवाय द्राक्ष वाढते एका वर्षात आणि निघते दुसऱ्या वर्षात, तर साल कोणते धरायचे? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : मावसभावाला जरूर विचारा, फक्त प्रश्न बदला. गोडी छाटणी कोणत्या तारखेला झाली, काढणी कोणत्या आठवड्यात झाली, काढणीच्या दिवशी ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) आणि पीएच (आंबटपणाचे माप, आकडा कमी तितका रस आंबट) किती होते, वेलीमागे किती किलो माल होता. ही चार उत्तरे मिळाली की दोन बाटल्यांतला बहुतेक फरक उलगडतो. काळजीने काम करणाऱ्याच्या वहीत हे आकडे असतातच.

साल धरतात ते काढणीचे. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी असते आणि पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात याच काळात घडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर फूट, फुलोरा, मणी असा क्रम चालतो आणि वाइनची द्राक्षे जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत उतरतात. म्हणजे २०२३ च्या बाटलीतला घड डोळ्यात धरला गेला २०२२ च्या उन्हाळ्यात, फुलला हिवाळ्याच्या तोंडावर आणि काढला गेला २०२३ मध्ये. फ्रान्समध्ये काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्यामुळे आपली २०२३ ची वाइन त्यांच्या २०२३ च्या वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी वडील असते. जुन्या बाटल्यांची तुलना करताना हे विसरले जाते.

आता फरक का पडतो ते. नोव्हेंबरात, फुलोऱ्याच्या आगेमागे पाऊस झाला की केवडा रोग येतो, घड जळतात, माल घटतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने नाशिकच्या बागांत नेमके हेच केले आणि फटका बसला तो २०१० च्या काढणीला. फेब्रुवारीत, मण्यात साखर भरत असताना अवकाळी आला तर मणी पाणी पिऊन फुगतात, तडकतात, कुजतात. साखर, रंग, आम्ल सगळेच पातळ होते. गारपीट झाली तर फुटलेले मणी हाताने वेचून काढावे लागतात आणि ते झाले नाही तर सिरक्याचा वास टाकीत पहिल्या दिवसापासून शिरतो. याच्या उलट फेब्रुवारी एकाएकी तापला तर साखर धावत सुटते, मॅलिक आम्ल जळून जाते, पण बी हिरवेच राहते. अशा सालची वाइन अल्कोहोलला जड, आम्लाला ढिली आणि शेवटी कडवट तुरट लागते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड आणि दिवस उघडे असले की सालीत रंग चांगला भरतो.

मोठी वायनरी हा फरक बऱ्याच प्रमाणात झाकू शकते. तिच्याकडे दहा गावांची द्राक्षे असतात, वीस टाक्या असतात. एका गावचा माल पाण्याने गेला तर दुसऱ्या गावचा जास्त घालता येतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार सुद्धा लेबलवर साल टाकायला किमान ८५ टक्के द्राक्षे त्या सालची असली की पुरते. हजार बाटल्या काढणाऱ्याकडे एक मळा आणि दोन टाक्या. त्याच्या बाटलीत त्या वर्षीचे हवामान जसेच्या तसे उतरते, आणि आमच्या मते त्याची वाइन विकत घेण्याचे खरे कारण हेच आहे.

तुमची २०२३ ची वाइन फिकी आणि आंबटसर आहे, यावरून दोन शक्यता दिसतात : पावसाच्या भीतीने काढणी लवकर केली, किंवा वेलीवर माल जास्त ठेवला. काढणीचे ब्रिक्स २१-२२ निघाले आणि तारीख नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस आधीची असली तर पहिली. ब्रिक्सला साधारण ०.५६ ने गुणले की अल्कोहोलचा अंदाज येतो. २४ ब्रिक्सचे साडेतेरा टक्के, २१ चे पावणेबारा. लेबलवरचा टक्का पाहूनही हे घरबसल्या ताडता येईल. आणि फिकी वाइन हलकी ठरवू नका. पीएच ३.४ असलेली आंबटसर वाइन पीएच ३.८ च्या गडद वाइनपेक्षा बाटलीत जास्त वर्षे टिकते आणि जेवणाबरोबर बरेचदा अधिक चांगली लागते.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काळपट गाळ आणि बुचाच्या आतल्या बाजूला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले. बाटली परत करावी का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : नको. खडे म्हणजे टार्टरेट, द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचे आणि पोटॅशियमचे मीठ. थंडीत किंवा फ्रीजमध्ये ते खाली बसते. दाताखाली कुरकुरते, अपाय काही नाही. खडा कोमट पाण्यात टाकून पाहा : हळूहळू विरघळतो, काच विरघळत नाही. काळपट गाळ रंगद्रव्य आणि टॅनिनचा, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याचा. छोट्या वायनऱ्या बहुधा वाइन फार बारीक गाळत नाहीत, म्हणून तो जास्त दिसतो. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, ओतताना गळ्यामागे दिवा धरा आणि गाळ गळ्याशी आला की थांबा. शेवटची ४०-५० मिली सोडून द्यायची.

मात्र वाइन ढगाळ असेल, बुडबुडे येत असतील किंवा बूच वर सरकलेले असेल तर ती बाटलीत पुन्हा आंबू लागली आहे. ती परत करा.

प्रश्न : देवासकडे आमची दोन एकर काळी जमीन आहे. भाचा म्हणतो, एक एकर द्राक्ष लावू आणि वर्षाला एक पिंप, म्हणजे तीनशे बाटल्या, घरच्यासाठी आणि आप्तांसाठी काढू. बाजारातल्या काळ्या द्राक्षांवर आधी हात बसवावा असेही त्याच्या मनात आहे. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : आधी कायदा. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्यात गुन्हा आहे. वाइन त्यातच येते. ‘घरच्यापुरती’ म्हटल्याने सुटका होत नाही. जिल्हा आबकारी कार्यालयात वायनरीच्या परवान्याची चौकशी केल्याशिवाय एक किलो द्राक्षही आंबवू नका, बाजारातले तर नाहीच. मळा लावायला मात्र परवाना लागत नाही, आणि द्राक्षे परवानाधारक वायनरीला विकता येतात. तुमच्या मालाची वेगळी टाकी त्यांनी लावावी असे ठरवायचे असेल, तर त्यांच्या परवान्यात ते बसते का, हे लेखी विचारून घ्या.

आता हिशेब. एक पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ७५० मिलीच्या तीनशे बाटल्या. लाल वाइनला शंभर किलो द्राक्षातून ६५ ते ७० लिटर हाती लागते. गाळात जाणारे, पिंपातून उडणारे आणि वर भरायला लागणारे धरून ३७५ किलो द्राक्षे हवीत. आठ फूट ओळ आणि चार फूट वेल असे अंतर ठेवले तर एकरात तेराशेच्या वर वेली बसतात. दर्जा हवा असेल तर वेलीवर अडीच किलोपेक्षा जास्त माल ठेवू नये. म्हणजे दीडशे वेली पुरतात, एकराचा जेमतेम नववा हिस्सा. भाच्याने एकरभर लावले तर तीन टनांच्या वर माल येईल आणि त्याला गिऱ्हाईक शोधण्यातच सगळा जीव जाईल. दीडशे-दोनशे वेलींनी सुरुवात करा. वाइनच्या कामाचे पीक तिसऱ्या वर्षी येईल.

काळी माती हा तुमचा मोठा प्रश्न. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात. दीड-दोन फूट उंच गादीवाफे, उताराच्या दिशेने चर आणि ठिबक, एवढे केल्याशिवाय लावू नका. तीन फूट खाली मुरूम लागत असेल तर ती जागा निवडा. शेताचा खोलगट भाग टाळा. माळव्यात थंडीच्या लाटेत दव गोठते (तिकडे त्याला पाला पडणे म्हणतात) ते तिथेच आधी, आणि जानेवारीत आपली वेल हिरव्या पानांनी भरलेली असते.

खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात तो, निवडताना घाई होते. खाण्याच्या द्राक्षाला डॉगरिज सर्रास वापरतात. तो दणकट आहे, पण जमिनीतून पोटॅशियम फार ओढतो. पोटॅशियम रसात आले की पीएच चढतो, रंग निस्तेज होतो, वाइन टिकत नाही. वाइनसाठी ११०-आर बरा. माती, पाणी आणि पुढे पानांच्या देठांचे परीक्षण यांबाबत पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे मार्गदर्शन घ्यावे. वाण म्हणाल तर नवख्याला शिराझ. कॅबर्ने सॉव्हिन्यों उशिरा पिकतो आणि मार्चच्या उन्हात सापडण्याची भीती राहते.

बाजारातल्या काळ्या द्राक्षाबद्दल : शरद सीडलेससारखे वाण खाण्यासाठी घडवलेले आहेत. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. लाल वाइनचा रंग आणि टॅनिन साल व बी यांतून येते, गर बहुतेक रंगहीन असतो. मणी मोठा झाला की गराच्या मानाने साल कमी पडते. वर साखर १७-१८ ब्रिक्सच्या आसपास. त्यातून फिकी, सपाट, दहा टक्क्यांची वाइन होईल आणि भाच्याला वाटेल आपले हात चुकले.

प्रश्न : रतलामकडे काकांची परवानाधारक छोटी वायनरी आहे, मी हंगामात मदतीला जातो. या वर्षी ५०० किलोचा लॉट घेतला. पाचव्या दिवशी कुजक्या अंड्यांचा वास सुरू झाला, रसाची घनता (साखर संपते तशी ती उतरते) १.०२० वर येऊन थांबली, हलेना. नंतर वरून सिरक्यासारखा वास येऊ लागला. टाकीशेजारी दुपारी ३४ अंश होते. नेमके कुठे चुकले? (महू)

उत्तर : तिन्ही तक्रारी एकाच साखळीच्या कड्या आहेत. यीस्टला अन्न कमी पडले, म्हणून वास आला. उपाशी यीस्ट उष्णतेने मेले, म्हणून आंबणे थांबले. थांबलेल्या टाकीवरचे कार्बन डायऑक्साइडचे पांघरूण गेले, हवा लागली, म्हणून सिरका होऊ लागला. ५०० किलोसाठी क्रम आणि मापे देतो, त्यावर तुमची वही ताडून पाहा.

काढणी पहाटे, नऊच्या आत संपवायची. कुजके घड चाळणीवर बाजूला. देठ काढून, मणी फोडून माल टाकीत घ्यायचा आणि टाकी पाऊणपेक्षा जास्त भरायची नाही. सालांचा थर वर उचलला की बाहेर सांडतो. लगेच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ३५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, थराथराने. त्यात सल्फर डायऑक्साइड सुमारे ५७ टक्के असतो, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम पडला. याच वेळी पीएच पाहा. ३.७ च्या वर असेल तर टार्टरिक आम्ल घाला. लिटरला एक ग्रॅमने पीएच ढोबळमानाने ०.१ उतरतो. आम्ल नंतर घालण्यापेक्षा आत्ताच घातलेले चांगले मुरते.

दुसऱ्या दिवशी यीस्ट. १०० लिटरला २५ ग्रॅम या मापाने १२५ ग्रॅम, दहापट म्हणजे सव्वा लिटर पाण्यात, पाणी ३८ ते ४० अंश. वीस मिनिटांनी त्यात थोडा थोडा रस घालत त्याचे तापमान खाली आणायचे. यीस्टचे पाणी आणि टाकीतला रस यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक असताना ओतले तर निम्मे यीस्ट तिथेच गारठून मरते. इथे फार जण चुकतात.

यीस्टचा खुराक : डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) एकूण २५० ग्रॅम, दोन हप्त्यांत. पहिला आंबणे सुरू झाल्यावर साधारण चोवीस तासांनी, दुसरा साखर एक तृतीयांश उतरल्यावर, म्हणजे घनता १.१०० वरून १.०७० ला आली की. अर्धी साखर संपल्यावर दिलेला खुराक यीस्ट उचलत नाही, तो पुढे जिवाणूंच्या उपयोगी पडतो. खाद्यदर्जाचेच घ्या. शेतीचे डीएपी पोत्यातून काढून टाकीत टाकणे धोक्याचे आहे. त्यात काय काय आहे याची हमी नसते.

तापमान २५ ते २८. तीस ओलांडू नये. आंबताना रस स्वतः उष्णता सोडतो आणि सालांचा थर खालच्या रसापेक्षा चार-पाच अंशांनी गरम असतो, म्हणून थर्मामीटर थरात खुपसा. तुमच्या ३४ अंशांच्या खोलीत थर ३५ च्या वर गेला असणार आणि तिथले यीस्ट मेले असणार. थंड पाण्याचे जॅकेट नसेल तर अन्नदर्जाच्या घट्ट बंद बाटल्यांत बर्फ करून त्या टाकीत सोडा, बाहेरून ओले गोणपाट गुंडाळा आणि पंखा लावा. थर दिवसातून तीनदा खाली दाबायचा, मध्यरात्रीची एक फेरी जमली तर उत्तम. घनता आणि तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचे. दोन नोंदींत घनता हललीच नाही तर त्याच दिवशी हालचाल करायची, आठवडा वाट पाहायची नाही.

अंड्यांच्या वासाचे दुसरे कारण मळ्यात असते. भुरी रोगासाठी गंधक उशिरापर्यंत मारले तर ते सालीवर राहते आणि यीस्ट त्याचे हायड्रोजन सल्फाइड करते. काढणीआधी महिनाभर गंधक बंद. आंबणे चालू असताना वास आला तर रस खालच्या तोटीतून बादलीत उंचावरून पाडून परत वर ओतायचा, बहुधा निघून जातो. आंबणे संपल्यावरही राहिला तर पेल्यात वाइन घेऊन स्वच्छ घासलेला तांब्याचा तुकडा दोन मिनिटे फिरवा. वास गेला तर ते बहुधा साधे सल्फाइड आहे. गाळावरून नितळ वाइन काढून घेताना एकदा हवा द्या. गेला नाही तर पुढची संयुगे झाली आहेत आणि तिथे हवा दिल्याने बिघाड वाढतो. कॉपर सल्फेटचा उपाय प्रयोगशाळेत नमुना तपासूनच. तांबे घातलेला पेला चाखू नका.

आता १.०२० वर अडकलेल्या टाकीचे. लिटरमागे अजून सुमारे ५० ग्रॅम साखर आहे. आधी सिरक्याचा अंश मोजून घ्या. हे बाष्पशील आम्ल लिटरला ०.७ ग्रॅमच्या आसपास वासाला कळू लागते, १.२ च्या वर गेले असेल तर ही टाकी सोडून द्या आणि तिच्यातले चांगल्या वाइनमध्ये मिसळू नका, दोन्ही जातील. खाली असेल तर असे करा. सालांवरून काढून दाबा, ३५० लिटर मिळेल. २२-२४ अंशांवर आणा. जास्त अल्कोहोल सोसणारे यीस्ट १४० ग्रॅम, १.४ लिटर कोमट पाण्यात जागे करा. नऊ लिटर अडकलेली वाइन, नऊ लिटर पाणी आणि ९०० ग्रॅम साखर यांच्या मिश्रणात ते सोडा. फेस धरून साखर निम्मी उतरली की त्यात ७० लिटर वाइन, पुन्हा निम्मी उतरली की आणखी ७०, असे टप्प्याटप्प्याने. यीस्टला अल्कोहोलची सवय व्हायला हा वेळ लागतोच. सरळ टाकीत पुडी रिकामी केली तर ते तासाभरात मरते.

घनता ०.९९५ च्या आसपास स्थिर झाली की मॅलोलॅक्टिक. हे जिवाणूंचे काम : टोकदार मॅलिक आम्लाचे मऊ लॅक्टिक होते. २०-२२ अंशांवर तीन ते सहा आठवडे, आणि तोवर सल्फाइट घालायचे नाही. कागदी क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे आम्ले कागदावर वेगवेगळ्या डागांनी दाखवणाऱ्या चाचणीत, मॅलिकचा डाग नाहीसा झाला की मगच. त्यानंतर मुक्त सल्फर डायऑक्साइड पीएच ३.५ ला लिटरमागे २५ ते ४० मिलिग्रॅम हवा, ३.८ ला तेवढ्याच संरक्षणासाठी जवळपास दुप्पट. म्हणून पहिल्या दिवशीचे ते आम्ल महत्त्वाचे.

प्रश्न : त्याच वायनरीतल्या जुन्या पिंपाबद्दल : दर महिन्याला वाइन कमी होते. गळती दिसत नाही. (महू, वरचेच पत्र)

उत्तर : ओकच्या लाकडातून पाणी आणि अल्कोहोल उडते. माळव्यातल्या एप्रिल-मेची कोरडी हवा ते भराभर ओढते. रिकामी जागा राहिली की सिरक्याचे जिवाणू आलेच. दर पंधरा दिवसांनी त्याच लॉटच्या वाइनने काठोकाठ भरा. त्यासाठी १५-२० लिटर वाइन सुरुवातीलाच लहान, पूर्ण भरलेल्या भांड्यांत वेगळी ठेवावी. खोलीत जमिनीवर पाणी शिंपडा. जुन्या पिंपातून घोड्याच्या घामासारखा किंवा जखमेच्या पट्टीसारखा वास येत असेल तर ब्रेटॅनोमायसिस नावाचे यीस्ट लाकडात घर करून आहे. ते धुऊन जात नाही. त्या पिंपात पुढचे साल घालू नका, स्टीलच्या टाकीत ओकच्या पट्ट्या सोडून काम भागवा.

प्रश्न : नाशिकहून गाडीने बारा बाटल्या आणायच्या आहेत आणि चार-पाच वर्षे ठेवायच्या आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. (रामबाग, इंदूर)

उत्तर : दुसऱ्या राज्यातून मद्य आणण्याला मर्यादा आणि परवान्याचे नियम आहेत. निघण्याआधी आबकारी कार्यालयात विचारा, आणि बिल बरोबर ठेवा. प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात धुळे-सेंधव्याच्या वाटेवर जेवायला थांबलात तर बंद डिकीत तासाभरात वाइन शिजते. शिजलेल्या वाइनचे बूच किंचित वर येते, गळ्याशी चिकट ओघळ दिसतो आणि चव मुरंब्यासारखी लागते.

गच्चीखालच्या घरात इंदूरच्या उन्हाळ्यात खोली ३६-३८ अंशांवर राहते. तिथे पाच वर्षे साध्या कपाटात ठेवण्याची कल्पना सोडून द्या. १३-१४ अंशांचा छोटा वाइन फ्रिज घेणार असाल तरच बारा बाटल्या आणा. साध्या फ्रिजमध्ये चार अंश आणि कोरडी हवा असते, बूच हळूहळू आकसते. पण मार्च ते जून एवढ्यापुरता तो तापलेल्या कपाटापेक्षा कितीतरी बरा. तळमजल्यावर उत्तरेची, उन्ह न लागणारी खोली असलेले कोणी आप्त असतील तर थर्माकोलच्या खोक्यात आडव्या बाटल्या त्यांच्याकडे ठेवा. स्वयंपाकघर आणि फ्रिजच्या डोक्यावरची जागा कधीच नको.

छोट्या वायनऱ्यांच्या बहुतेक लाल वाइन काढणीपासून तीन ते पाच वर्षांत सर्वांत चांगल्या लागतात. पिंपात वर्षभर मुरवलेली, आम्ल चांगले असलेली वाइन सात-आठ वर्षे जाते.

प्रश्न : दाल-बाफल्यांबरोबर (डाळ आणि तुपातले कणकेचे गोळे) लाल वाइन चालेल? (देवास)

उत्तर : चालेल. तूप आणि डाळ टॅनिनला मऊ करतात. हलकी, कमी ओक असलेली घ्या. तिखट मटणाबरोबर मात्र जास्त अल्कोहोलची वाइन नको, ती तिखटाची आग वाढवते. १६ अंशांवर गार करून द्या. उन्हाळ्यात त्यासाठी बाटली दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवली की झाले.

प्रश्न : एकाच घराच्या २०१९, २०२० आणि २०२२ अशा तीन सालांच्या लाल वाइन माझ्याकडे आहेत, प्रत्येकी दोन. दिवाळीत सहाजण जमू. एकत्र चाखायच्या कशा आणि दुसऱ्या बाटल्या कधी उघडायच्या? (स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : तिन्ही एकाच संध्याकाळी उघडा, वेगवेगळ्या दिवशी चाखून साल कळत नाही. आदल्या दिवशी बाटल्या उभ्या करा. तिन्ही एकाच तापमानावर, १७ अंशांच्या आसपास. प्रत्येकाला तीन सारखे पेले, प्रत्येकात ४० मिली. सहाजणांत बाटलीमागे २४० मिली जाते, दोन फेऱ्यांना पुरून उरते. पेल्यांखाली पांढरा कागद, त्यावर साल. आधी फरसाण नको, अत्तर आणि उदबत्ती नको.

सुरुवात २०२२ पासून. पेला तिरका करून काठाचा रंग पाहा : तरुण वाइनचा काठ जांभळट गुलाबी, जुनीचा विटकरी. आधी पेला न हलवता वास घ्या, मग हलवून. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधले आहे, तो त्या सालचा दोष नाही. दुसरी बाटली उघडा. घोट तोंडात फिरवा. जिभेच्या कडांना पाणी किती सुटते, ते आम्ल. हिरड्या किती आवळतात, ते टॅनिन. घशात किती ऊब राहते, तो अल्कोहोल. प्रत्येकाने हे तीन आकडे पाचपैकी लिहावेत, एकमेकांना न सांगता. अर्ध्या तासाने दुसरी फेरी, तेच आकडे पुन्हा. उघडल्यावर लगेच बंद वाटणारी वाइन या वेळात खुलते, थकलेली विझते.

उरलेली वाइन मापाच्या लहान, स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरा, बूच लावा, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडी कोमट होऊ देऊन पुन्हा चाखा. जिचा वास तोवर उडून गेला आणि चवीला सपाट झाली, त्या सालची दुसरी बाटली याच हिवाळ्यात संपवा. जी दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीइतकीच किंवा जास्त चांगली लागली, तिची दुसरी बाटली आणखी दोन वर्षे ठेवायला हरकत नाही.